सांखवाळचा पाली विद्यार्थी : आचार्य धर्मानंद कोसंबी



आपल्या विहारात आषाढ पौर्णिमेला पालीचा वर्ग सुरू केला, त्या दिवशी वहीत बावीस नावे होती. दर रविवारी संध्याकाळी दीड तास बसायचे, एवढेच ठरले होते. पहिल्या रविवारी खडू, फळा, नव्या वह्या, चहा, सगळा उत्साह होता. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला तेव्हा वर्गात सात जण उरले होते. कुणाची कंपनीत शिफ्ट बदलली, कुणाच्या मुलाची दहावी आली, कुणाला गावी जावे लागले. काहींना तर कारणच नव्हते, फक्त जमले नाही. हे आम्ही कुणाला नावे ठेवायला लिहीत नाही. गळालेल्या पंधरा जणांत या स्मरणिकेचे काम बघणारे आम्ही तिघेही आहोत.

पुढे आपल्याच वसाहतीत एका घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झाले. तेव्हा आठवीतल्या एका मुलीने सरळ विचारले की समादियामि म्हणजे काय? पुढच्या रांगेत आम्ही सगळे पन्नाशी ओलांडलेले. हा शब्द लहानपणापासून आमच्या तोंडात आहे. एकाने सांगितले, पालन करतो. दुसऱ्याने सांगितले, शपथ घेतो. तिसरा चहा झाला का ते बघायला उठून आत गेला. मुलगी गप्प बसली. तिला उत्तर मिळाले नाही हे तिला कळले होते, आणि आम्हालाही कळले होते.

त्या दिवसापासून आमच्या डोक्यात एक माणूस घोळत होता. वर्धापनदिनाच्या या अंकात कुणाचे चरित्र घ्यायचे याची चर्चा निघाली तेव्हा आम्ही त्याचेच नाव सुचवले. पालीची चार अक्षरे समजावीत म्हणून ज्याने घर सोडले, अन्नछत्रात जेवून दिवस काढले, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथे घातले आणि शेवटी अमेरिकेतल्या विद्यापीठात बसून पाली ग्रंथाचे संपादन केले, ते आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या सांखवाळ गावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. घरी माडांची बागाईत. मुलगा अंगाने अशक्त, शाळा जेमतेम मराठीची आणि तीही तुटक. पंधराव्या वर्षी, म्हणजे १८९१ साली, बाळाबाईंशी लग्न झाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे हा मुलगा माडांची राखण करीत, नारळ मोजीत आयुष्य काढायचा. पण हाताला लागेल ते मराठी पुस्तक वाचायची त्याला सवय होती. तुकोबांचे अभंग तर त्याने मनापासून वाचले होते. वयाच्या विशीत, १८९७ च्या सुमारास, बालबोध नावाच्या मुलांच्या मासिकात त्याला भगवान बुद्धांचे चरित्र वाचायला मिळाले. लहान मुलांसाठी लिहिलेला तो साधा मजकूर होता. त्याने या तरुणाचे आयुष्यच फिरवले.

इथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहवत नाही. दहा वर्षांनी, १९०७ साली, मुंबईत भीमराव आंबेडकर मॅट्रिक पास झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. दोघांच्याही आयुष्यात बुद्ध आला तो मराठीतून, छापील पानावरून. म्हणून घरातल्या पोरांच्या हाती कुठले पुस्तक देतो याला आम्ही फार महत्त्व देतो.

बुद्धाचा धम्म मुळातून समजून घ्यायचा, एवढे एकच कोसंबींनी मनाशी ठरवले. आता भाषा शिकायच्या, पंडित व्हायचे, असा त्यांचा बेत नव्हता. हे नीट लक्षात घेतले पाहिजे, कारण आमच्या वर्गाची चूक इथेच झाली असे आम्हाला वाटते. आम्ही ठरवले होते की पाली शिकायची. म्हणजे किती शिकायची? कशासाठी? कधीपर्यंत? याचे उत्तर कुणाजवळ नव्हते. कोसंबींजवळ उत्तर होते. बुद्धाचे म्हणणे त्याच्या भाषेतून वाचायचे आणि ते आपल्या मराठी माणसाला सांगायचे. या वाटेत जी भाषा आडवी आली ती त्यांनी त्या त्या वेळी शिकून घेतली आणि पुढे निघाले.

पहिली आडवी आली ती संस्कृत. संस्कृतावाचून पुढचे दार उघडणार नाही, असा त्या वेळी समज होता. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. आधीही एकदोनदा निघून परत आले होते, या वेळी परतले नाहीत. पुण्याला गेले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्यांना मदत केली. पण पुण्यात मनासारखे शिक्षण होईना, म्हणून ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले. खिशात पैसे नाहीत. अन्नछत्रात एकवेळचे जेवण, मिळेल तिथे निजणे आणि दिवसभर व्याकरण. वय चोवीस. वर्गात बाजूला बसलेली पोरे दहा-बारा वर्षांची आणि त्यांना कौमुदी तोंडपाठ. आपल्यापैकी ज्यांनी चाळिशीत इंग्रजी संभाषणाचा क्लास लावला आहे त्यांना ही लाज काय असते ते माहीत आहे. कोसंबींना ती वाटली नसेल असे नाही, पण तिच्यापायी त्यांनी क्लास सोडला नाही.

घर सोडले तेव्हा पाळण्यात माणिक नावाची तान्ही मुलगी होती, हेही सांगितले पाहिजे. आम्ही चरित्र लिहीत असलो तरी डोळे झाकून लिहीत नाही. धम्माच्या शोधात निघालेल्या पुरुषाची गोष्ट सगळे सांगतात, मागे राहिलेल्या बाईची कुणी सांगत नाही. बाळाबाईंनी सहा-सात वर्षे दुसऱ्यांच्या घरात, तान्ही मुलगी घेऊन काढली. नवरा जिवंत आहे की नाही याचीही धड खात्री नसेल असे ते दिवस. कोसंबींच्या चिकाटीचा हिशेब मांडताना निम्मा जमाखर्च बाळाबाईंच्या नावावर टाकावा लागेल. आमच्या बैठकीत महिला मंडळाच्या एका ताईंनी हा मुद्दा काढला आणि तो न लिहिता चरित्र छापले तर अंक घेणार नाही म्हणाल्या. त्यांचे बरोबर होते.

काशीहून १९०२ च्या सुरुवातीला ते नेपाळला गेले. तिथे बौद्ध धर्म जिवंत आहे असे ऐकले होते. जे पाहिले त्याने निराश झाले. परत येऊन बोधगयेला पोचले, आणि तिथे एका भिक्खूने त्यांना सांगितले की खरा अभ्यास करायचा असेल तर सिंहलद्वीपाला जा. झाले. कलकत्ता, मद्रास करीत त्याच वर्षी ते कोलंबोला पोचले. १८७३ साली स्थापन झालेले विद्योदय परिवेण हे तिथले नावाजलेले विद्यापीठ होते. त्याचे प्रमुख हिक्कडुवे श्री सुमंगल महास्थविर पाली आणि संस्कृत दोन्हींचे मोठे जाणकार. त्यांच्याकडून कोसंबींनी प्रव्रज्या घेतली आणि पालीचा अभ्यास सुरू केला.

आता पालीचे एक वैशिष्ट्य असे की तिला स्वतःची लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात तिथल्या लिपीत, थायलंडात थाई लिपीत, युरोपात रोमन लिपीत, आपण देवनागरीत. म्हणजे कोसंबींना आधी सिंहलींची वाटोळी अक्षरे गिरवावी लागली, मग पाली. काशीत सोसलेले कष्ट इथे उपयोगी पडले. संस्कृत येणाऱ्याला पाली अर्धी ओळखीची वाटते. पण आम्ही म्हणतो, मराठी येणाऱ्यालाही वाटते! संस्कृतात हस्त, पालीत हत्थ, आपला हात. संस्कृतात दुग्ध, पालीत दुद्ध, आपले दूध. सप्तचे सत्त, त्याचे सात. अष्टचे अट्ठ, त्याचे आठ. अग्नीचे अग्गि, त्याची आग. कर्माचे कम्म, त्याचे काम. आपल्या आजीच्या तोंडची भाषा पालीपासून फार लांब नाही. हे पहिल्याच रविवारी फळ्यावर लिहिले असते तर कदाचित बावीसमधले आणखी चार जण टिकले असते.

श्रीलंकेतले जेवण कोसंबींना मानवेना, प्रकृती बिघडू लागली. तिथून मद्रासला आले आणि पुढे १९०४ साली ब्रह्मदेशात गेले. तिथे पुन्हा नवी लिपी, नवे उच्चार. सिंहली भिक्खू आणि ब्रह्मी भिक्खू एकच सुत्त म्हणतात, पण कानाला दोन निराळ्या गोष्टी ऐकू येतात. कोसंबींनी ब्रह्मी लिपीतले ग्रंथ वाचले आणि ध्यानाचा अभ्यासही केला. मधल्या काळात भारतात येऊन लुंबिनी, कुसिनारा, सारनाथ या ठिकाणी गेले. घरातून निघून त्यांना सहा वर्षे झाली होती. या सहा वर्षांत त्यांनी एकही परीक्षा दिली नव्हती आणि एकही पदवी घेतली नव्हती.

१९०६ साली चीवर उतरवून ते गृहस्थ म्हणून कलकत्त्यास राहिले. मिळवलेले ज्ञान आता वाटायचे होते. तिथल्या नॅशनल कॉलेजात आणि पुढे कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. मराठी शाळेतून अर्धवट सुटलेला गोव्याचा मुलगा विद्यापीठाचा अध्यापक झाला. कुटुंबाची गाठ पडली. १९०७ साली मुलगा झाला, त्याचे नाव आजोबांचे, दामोदर. पुढे हाच दामोदर मोठा गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी म्हणून जगाला माहीत झाला.

कलकत्त्यात मान होता, पगार होता. विद्यापीठ महिना अडीचशे रुपयांपर्यंत देण्यास तयार होते. त्याच सुमारास बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी सांगितले की महाराष्ट्रात कुठेही राहा, पुस्तके लिहा, महिना पन्नास रुपये देतो. होय, हे तेच सयाजीराव ज्यांनी पुढे बाबासाहेबांना शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवले. अडीचशे सोडून पन्नास कोण घेईल? कोसंबींनी घेतले. कारण ध्येयाचा दुसरा अर्धा भाग, मराठी माणसाला सांगायचे, तो कलकत्त्यात राहून होणार नव्हता. बडोद्याला दिलेल्या व्याख्यानांतून १९१० साली बुद्ध, धर्म आणि संघ हे छोटे पुस्तक झाले. साधी भाषा, लहान वाक्ये. आमच्या कितीतरी जुन्या कार्यकर्त्यांनी धम्माची पहिली माहिती याच पुस्तकातून घेतली.

त्यानंतर जी भाषा आडवी आली ती आपल्या सगळ्यांना आडवी येते, इंग्रजी. डॉ. भांडारकरांच्या ओळखीतून अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी गाठ पडली. हार्वर्डला एक काम अडून पडले होते. हेन्री क्लार्क वॉरेन नावाच्या अमेरिकन विद्वानाने आचार्य बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्ग या ग्रंथाचे संपादन हाती घेतले होते आणि ते पुरे होण्याआधीच १८९९ साली तो वारला होता. या वॉरेनबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. लहानपणी पडल्यामुळे त्याच्या पाठीला कायमचे व्यंग होते. बसणे त्रासाचे, म्हणून तो उभ्याने काम करी. असा माणूस हजारो मैलांवर बसून सिंहली आणि ब्रह्मी लिपीतल्या ताडपत्री पोथ्या अक्षर-अक्षर ताडून पाहत होता. आपल्याला कंबरदुखीमुळे रविवारी सतरंजीवर बसवत नाही, ही तक्रार आम्ही त्या दिवसापासून बंद केली आहे.

त्या पोथ्या वाचू शकेल, दोन्ही लिपी जाणेल आणि ग्रंथाचा अर्थही जाणेल असा माणूस हवा होता. कोसंबी १९१० साली अमेरिकेला गेले. इंग्रजी शाळेचे तोंड न पाहिलेला माणूस! इंग्रजी त्यांनी मोठ्या वयात स्वतःच्या बळावर शिकून घेतली होती आणि ती विलायतेत शिकून आलेल्या बॅरिस्टरासारखी नव्हती. पण त्यांचे खरे भांडवल पालीचे होते. इंग्रजी कामापुरती लागणार होती, आणि कामापुरती ती त्यांनी चोख केली. आपल्या ऐरोली-महापेच्या कंपन्यांत लागलेल्या पोरांना आम्ही हेच सांगतो की मुलाखतीत इंग्रजी अडखळली तर अडखळू दे, पण ज्या कामाबद्दल बोलायचे ते काम आधी येऊ दे. काम येत असले की दहा शब्दांतही समोरच्याला कळते.

हार्वर्डच्या त्या कामात कोसंबींना त्रासही झाला. तिथले ज्येष्ठ प्राध्यापक चार्ल्स लॅनमन आणि त्यांच्यात संपादनाच्या श्रेयावरून मतभेद झाले आणि १९१२ साली ते परत आले. दुसरा कुणी असता तर तो विषय तिथेच संपला असता. कोसंबी १९१८ साली त्याच कामासाठी पुन्हा गेले, या वेळी माणिक आणि दामोदर दोघांना घेऊन. १९२६ ला तिसऱ्यांदा गेले. १९३१ ला चौथ्यांदा. पहिल्या फेरीपासून धरले तर एका ग्रंथाच्या मागे ते वीस वर्षांहून जास्त लागले होते. बोटीचा प्रवास महिन्याचा, थंडी हाडे गोठवणारी, आणि काम म्हणजे एका पोथीतला एक शब्द दुसऱ्या पोथीत कसा आहे ते बघत बसणे.

मधल्या वर्षांत ते रिकामे बसले नाहीत. १९१२ ते १९१८ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक होते. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पाली रुजली त्यात त्यांचा वाटा आहे. पु. वि. बापटांसारखे पालीचे नामवंत विद्वान त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९२२ पासून काही वर्षे अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात होते. तिथे गुजरातीतूनही लिहिले. १९२४ साली निवेदन हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. अमेरिकेत समाजवादी विचारांची ओढ लागली म्हणून रशियन भाषा शिकले, आणि १९२९ साली लेनिनग्राडला पाली शिकवायला गेले. वय त्रेपन्न!

एवढ्या भाषा शिकलेल्या माणसाची आम्हाला सर्वांत थोर वाटणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. ते पालीत लिहू लागले. वाचणे एक, समजणे एक आणि लिहिणे आणखी एक. अभिधम्मत्थसंगह हा अभिधम्माचा अवघड ग्रंथ आहे. त्यावर त्यांनी नवनीत टीका नावाची सोपी टीका स्वतः पाली भाषेत लिहिली आणि ती १९४१ साली छापून आली. विसुद्धिमग्गावरही त्यांची पाली टीका आहे. नवनीत म्हणजे लोणी. ज्याने विसाव्या वर्षी मुलांच्या मासिकात बुद्धाचे नाव वाचले, त्याने पासष्टीला अभिधम्माचे दही घुसळून लोणी काढून ठेवले, तेही बुद्धवचनाच्या भाषेत.

इथे आम्हाला एका प्रश्नाकडे वळले पाहिजे, कारण तो आमच्या बैठकीत स्पष्टपणे विचारला गेला. कोसंबी जन्माने सारस्वत ब्राह्मण. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला, तुरुंगात गेले, गांधीजींच्या माणसांत वावरले, आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामच्या आश्रमात अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. मग आपल्या विहाराच्या अंकात त्यांचे चरित्र कशाला? प्रश्न विचारणाऱ्याचा राग आम्हाला समजतो. ज्या बाबासाहेबांना अस्पृश्य म्हणून शाळेत संस्कृत शिकू दिली नाही, फारसी घ्यावी लागली, त्यांच्या लेकरांना कुठल्याही शास्त्रीबुवांचा संशय यावा यात नवल नाही. काशीच्या ज्या पाठशाळेत कोसंबी अर्धपोटी का होईना पण बसू शकले, तिच्या पायरीवर आपल्या आजोबा-पणजोबांना कुणी उभे केले नसते. गरिबी दोघांचीही होती, दार एकालाच उघडे होते. हा फरक विसरून हे चरित्र वाचू नये.

पण त्या दारातून आत गेल्यावर त्यांनी काय केले तेही पाहिले पाहिजे. १९३५ साली हिंदी संस्कृती आणि अहिंसा हे पुस्तक लिहून त्यांनी ज्या जातीत जन्मले तिच्या इतिहासाची कठोर चिकित्सा केली. त्याच वर्षी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. १९३७ साली कोसंबींनी मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा केला. पैसा जुगलकिशोर बिर्लांचा, पण जागा निवडली ती गिरणगावात, मजुरांच्या शेजारी. १९४०-४१ साली भगवान बुद्ध हे त्यांचे मोठे पुस्तक मराठीत आले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही गोष्ट त्यांनी जुन्या पाली सुत्तांशी ताडून पाहिली आणि बाजूला ठेवली. शाक्य आणि कोलियांचे रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणारे तंटे त्यांनी समोर आणले. आपण बुद्ध आणि त्यांचा धम्म वाचतो त्यातही गृहत्यागाच्या मुळाशी रोहिणीच्या पाण्याचाच वाद आहे. मूळ भाषा येत असली म्हणजे काय होते, ते इथे दिसते. शेकडो वर्षे सांगत आलेली गोष्ट तपासून बघता येते. ज्याला पाली येत नाही त्याला दुसरा सांगेल तेच खरे मानावे लागते, मग तो दुसरा कितीही भला असो.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. बॉन विद्यापीठात जाण्यासाठी ते जर्मन शिकले. संस्कृत शाळेत मिळाली नाही ती पुढे स्वतः मिळवली. आणि राज्यघटनेचे, मंत्रिपदाचे, आजारपणाचे ओझे अंगावर असताना पालीचा शब्दकोश आणि व्याकरण तयार करीत बसले. पाली शब्दांचे अर्थ इंग्रजी, हिंदी, मराठी आणि गुजरातीत देणारे ते काम महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात छापले. आपल्या विहाराच्या कपाटात तो खंड आहे. त्याच्या पानांना अजून नव्या पुस्तकाचा वास येतो हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही.

विसुद्धिमग्गाचे सांगायचे राहिले. त्याची देवनागरी आवृत्ती कोसंबींनी १९४० साली मुंबईत भारतीय विद्या भवनातर्फे काढली. ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. हार्वर्डची आवृत्ती मात्र निघाली १९५० साली. त्यावर वॉरेन आणि धर्मानंद कोसंबी अशी दोघांची नावे आहेत. वॉरेनला जाऊन एक्कावन्न वर्षे झाली होती, कोसंबींना तीन.

आता वर्गाची हकीकत. जे सात जण टिकले त्यांत आपल्या शेजारच्या सेक्टरमधल्या एक आजी आहेत. मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या. तुर्भ्याच्या बाजारात त्यांनी अर्धे आयुष्य कांदा निवडला. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितले होते की मला सगळी पाली नको, मी रोज सकाळी जे म्हणते तेवढेच कळले पाहिजे. आम्ही तेव्हा हसलो होतो. त्या दर रविवारी दोन शब्द वहीत उतरवून न्यायच्या आणि आठवडाभर पोळ्या लाटताना म्हणायच्या. दोन शब्द, जास्त नाही. दिवाळी उलटेपर्यंत त्यांचे त्रिसरण-पंचशील संपले आणि त्या महामंगल सुत्ताला लागल्या.

पुण्यानुमोदनाच्या वेळी त्या गावी होत्या. परत आल्यावर ती आठवीतली मुलगी त्यांच्याकडे गेली. आजींनी तिला सांगितले की समादियामि म्हणजे मी घेते, कुणी लादले म्हणून नाही, आपणहून स्वीकारते. आणि काय घेते? सिक्खापद. सिक्खा म्हणजे शिकणे, पद म्हणजे पाऊल. शिकण्याचे एक पाऊल मी घेते. वेरमणी म्हणजे लांब राहणे. हिंसेपासून, चोरीपासून लांब राहायला मी शिकते आहे. आज जमले नाही तर उद्या पुन्हा म्हणायचे, म्हणून रोज म्हणायचे. मुलीने हे सगळे वहीत लिहून घेतले आणि ती वही आम्हाला दाखवायला आणली. आम्ही ती आधी चुपचाप वाचली, मग आमच्या वहीत उतरवून घेतली.

२०२४ साली केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच वेळी अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले. पेढे वाटणाऱ्यांत वर्ग सोडलेले पंधराही होते, आम्ही धरून.

येत्या आषाढ पौर्णिमेपासून वर्ग पुन्हा सुरू होत आहे. वेळ तीच, रविवारी संध्याकाळी, दीड तास. या वेळी सगळी पाली शिकवण्याचा बेत नाही. वर्षावासाच्या तीन महिन्यांत फक्त त्रिसरण, पंचशील आणि बुद्धवंदना, शब्दाला शब्द लावून. दर रविवारी सहा शब्द. पहिली दहा मिनिटे मागच्या रविवारचे शब्द आजी विचारणार आहेत आणि आठवीतली ती मुलगी फळ्यावर लिहिणार आहे. दोनशे पानी वही आणू नये, शंभर पानी पुरे आहे. शिफ्टमुळे ज्यांना रविवार जमत नाही त्यांच्यासाठी त्या आठवड्याचे शब्द विहाराच्या सूचनाफलकावर लावले जातील. नावे सचिवांकडे द्यावीत. आमची तिघांची पहिली तीन लिहून झाली आहेत.